साहेबांचे दोन फिल्डर

आमच्या साहेबांना एकटी वस्तू दाखवली की ते गप्प बसत. नवा शर्ट कसा आहे विचारलं तर म्हणत, "कशापेक्षा?" भाजी कशी झालीय विचारलं तरी तेच. चारचौघं चांगलं म्हणतात, वाईट म्हणतात, काही सुचलं नाही तर बरं आहे म्हणतात. साहेबांना यातलं काहीच तोंडातून काढता येत नसे, शेजारी दुसरी वस्तू ठेवल्याशिवाय. "दोन ठेवा, मग बोला," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मस्कतमधल्या आमच्या एसीच्या सुट्या भागांच्या कंपनीत ते ॲडमिन मॅनेजर असल्यामुळे हे ब्रीद आम्हा सगळ्यांनाच पाळावं लागे.

ऑफिसात चहा दोन कॉफी शॉपमधून यायचा. साहेब दोन्ही कप समोर ठेवून आळीपाळीने घोट घेत, आणि तोवर दोन्ही गार होत. नोकरीसाठी उमेदवार आला तर त्याला जोडीदार मिळेपर्यंत तो रिसेप्शनमध्ये बसून राही. एकदा एक चांगला टायपिस्ट असाच ताटकळत बसला होता. दुसरा उमेदवार मिळेपर्यंत पहिल्याने समोरच्याच इमारतीत नोकरी धरली. मग जो दुसरा आला त्यालाच ठेवावं लागलं, आणि त्याच्या प्रत्येक चुकीला साहेब म्हणायचे, "पहिला बरा होता." त्या दुसऱ्याने पहिल्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण तो उगाचच त्याच्यावर जळायला लागला.

तुलनेची त्यांची मापं ठरलेली होती: किंमत, टिकाऊपणा आणि पब्लिक. पब्लिक म्हणजे लोकांना ती वस्तू किंवा तो माणूस किती आवडतो. हे तिसरं माप ते उलटं लावत. जे लोकांना आवडतं त्यात काहीतरी खोट असणार, असं त्यांचं ठाम मत. स्वतः साहेब ऑफिसात कुणालाच फारसे आवडत नसत. त्यामुळे हे माप त्यांच्या पथ्यावर पडणारं होतं.

एकदा कंपनीची सहल सूर या बंदराच्या गावी गेली होती. तिथे किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधतात. बाकीची मंडळी समुद्रावर फोटो काढत होती, आणि साहेब दोन अर्धवट गलबतांच्या मधे उभे. एकाच्या फळ्या ठोकून बघायच्या, मग दुसऱ्याच्या. शेवटी त्यांनी तिथल्या मिस्त्रीला गाठलं. हिंदीत विचारलं, "इसमें अच्छा कौनसा?" मिस्त्री तासणी खाली न ठेवता म्हणाला, "दोनों बिक गया." साहेबांना तो माणूस फार उद्धट वाटला. परतीच्या वाटेवर बसमध्ये ते पुन्हापुन्हा म्हणत होते, "विकलं गेलं हे उत्तर आहे का?"

पण त्यांची खरी साधना शुक्रवारी सकाळी चाले. आमच्या कंपनीची क्रिकेट टीम होती. अल अमेरातच्या उघड्याबोडक्या डोंगरांत एक सपाट माळ होता, तिथे इंडियन कंपन्यांच्या मॅचेस व्हायच्या. मधे सिमेंटची पिच, तिच्यावर अंथरलेली मॅट, आणि चारी बाजूंना नुसती खडी. सूर्य डोक्यावर यायच्या आत आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळं उरकायचं. साहेबांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती, पण टीमचे मॅनेजर तेच. ते घरून दोन घडीच्या खुर्च्या आणत. एक लाँग ऑनच्या मागे मांडत, दुसरी डीप मिडविकेटच्या मागे. एक ओव्हर या खुर्चीत, पुढची त्या खुर्चीत. उन्हात डोक्याला रुमाल बांधून हा गृहस्थ मॅचभर बाउंड्रीबाहेर येरझारा घालायचा. समोरच्या टीमला वाटे, आमच्याकडे कुणाला तरी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

त्या दोन खुर्च्यांसमोर बाउंड्रीवर उभे असणारे आमचे दोन फिल्डर म्हणजे मुश्ताक आणि चिन्मय.

मुश्ताक गुहागरकडचा, आमच्या गोदामाचा सुपरवायझर. चाळिशीकडे झुकलेला, शांत, पोट जरासं सुटलेलं. त्याच्याकडे बॉल गेला की तिथे काही घडलंय असं वाटायचंच नाही. बॉल जायचा, तो तिथे उभा असायचा, बॉल परत यायचा. चिन्मय ठाण्याचा, सेल्समधला, पंचविशीतला, चकचकीत गॉगलवाला. खडीच्या मैदानावर शहाणा माणूस अंग टाकत नाही. चिन्मय टाकायचा. कोपर सोलून निघायचं, गुडघ्यातून रक्त यायचं, आणि शामियान्यातल्या बायकापोरांच्या अंगावर काटा यायचा. मॅच संपल्यावर शाळकरी पोरं त्याच्याभोवती "चिन्मय अंकल, वन सेल्फी" करत गर्दी करत. मुश्ताक तेव्हा मॅट गुंडाळत असायचा.

मी विकेटकीपर. दोघांचे थ्रो माझ्याच हातात येत, तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मलाही आहे. चिन्मयचा थ्रो तोफगोळ्यासारखा यायचा आणि बहुतेक वेळा माझ्या डोक्यावरून जायचा. मुश्ताकचा एक टप्पा पडून स्टंपावर.

"तो पडतो का, ते सांगा," साहेब मला म्हणायचे. "उशिरा निघतो म्हणून पडतो. मुश्ताक बॉल बॅटला लागायच्या आत निघालेला असतो. त्याला पडायची गरजच काय? पण तुमच्या पब्लिकला पडलेला माणूस दिसतो. आधी निघालेला दिसत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. साहेबांशी वाद घालताना हीच पंचाईत व्हायची. माणूस विक्षिप्त आणि मुद्दा बरोबर.

"टिकाऊपणा बघा," ते पुढे चालू. "हा दर महिन्याला लंगडतो. मलमपट्टी, गरम पाणी, सिक लीव्ह. मुश्ताक इतक्या वर्षांत एकदा तरी बसलाय का बाहेर?"

"नाही बसला."

"मग? आणि वर टाळ्या याला."

एवढं कौतुक वाट्याला आल्यावर मुश्ताकला त्यातून काय मिळालं, असं कुणी विचारेल. काही नाही. साहेबांचं कौतुक तोंडी असे आणि ते तिसऱ्याच माणसाला ऐकवलेलं असे. मुश्ताकला ते भेटले की फक्त एवढंच म्हणत, "उद्या कंटेनर येतोय, लवकर ये."

साहेब अल हैलला राहत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. वहिनी मिरजेच्या, बोलायला खमक्या. पाहुणा घरात आला की पोह्यांबरोबर त्या आपली कहाणी वाढायच्या. "हे मला बघायला आले ना, त्याच दिवशी माझ्या मामेबहिणीलाही बघून आले होते. दोन्ही बघून घरी जाऊन विचार केला आणि कळवलं, ती पहिली, मी दुसरी. तिने ह्यांना नकार दिला. म्हणून मी इथे." साहेब शेजारी बसून मान डोलवत. तपशील बरोबर आहे असंच त्यांना वाटत असणार.

आता जे सांगायचं ते एनओसीचं. ओमानात त्या वर्षांत जुन्या कंपनीने "आमची हरकत नाही" असं लिहून दिल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. नाही दिलं तर गाशा गुंडाळून गावी जायचं आणि दोन वर्षं परत फिरकायचं नाही. हे पत्र आमच्याकडे साहेबांनी पुढे केलं की अर्बाब, म्हणजे मालक, डोळे मिटून सही करायचे. कंपनी अर्बाबांची, पण तिथे कुणी राहायचं आणि कुणी जायचं ते साहेब ठरवायचे.

लीगमधल्या एका मोठ्या कंपनीने चिन्मयला आणि मुश्ताकला एकाच आठवड्यात विचारलं. त्यांना टीम बळकट करायची होती. चिन्मयला सेल्समध्ये जागा, मुश्ताकला मोठं गोदाम आणि कुटुंबासाठी क्वार्टर. मुश्ताक मस्कतला आला तेव्हा त्याची मुलगी जन्मायची होती. आता ती शाळेत जात होती. फोनवर बापाशी भरभरून बोलायची आणि तो सुट्टीवर घरी गेला की दोन दिवस आईच्या मागे लपायची. मागच्या सुट्टीत बायकोने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आम्हाला तरी ने, नाहीतर तू तरी ये. आमच्या कंपनीत कुटुंब आणण्याइतका त्याचा हुद्दा नव्हता. नव्या कंपनीने ईदपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं.

चिन्मयने एनओसी मागितली. साहेबांनी हातातला चहा संपायच्या आत ती दिली. "जा बाबा," म्हणाले, "तिकडे जाऊन पड."

मुश्ताकने मागितली तर म्हणाले, "तुला कसा सोडू?"

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, चिन्मयला एका मिनिटात दिलीत."

"त्याच्यासारखे वीस मिळतात."

"आणि मुश्ताक?"

"त्याच्यासारखा मिळणार नाही. म्हणून तर."

"म्हणजे नीट काम केलं, ही त्याची चूक?"

"चूक कशी? गुण आहे तो," साहेब शांतपणे म्हणाले. "गुणी माणसाला कुणी हातचा घालवतं का? तुम्हीच सांगा."

मला राग आला होता आणि अजूनही येतो. या माणसाने इतकी वर्षं मुश्ताकला ज्या तराजूत वर वर चढवलं, त्याच तराजूत त्याला बांधून ठेवलं होतं. लंगड्या चिन्मयला वाट मोकळी आणि धडधाकट मुश्ताकला खोडा. साहेबांना यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट आपण मुश्ताकचा मोठा मान ठेवला अशीच त्यांची समजूत होती.

तेव्हा मीच युक्ती काढली. साहेबांच्या लेखी मुश्ताकची किंमत उतरवायची. कामात एखादी चूक करायची, चुकीचा कॉम्प्रेसर पाठवून द्यायचा, असं मी सुचवलं. मुश्ताकने कानाला हात लावले. "कामात खोटा नाय करायचा, भाऊ. गिऱ्हाइकाने काय वाईट केलाय आपला?"

"मग मैदानावर कॅच सोड."

याला तो कसाबसा तयार झाला. मॅचमध्ये नुकसान झालं तर आमचंच होणार होतं, आणि आम्ही तयार होतो.

चिन्मयची नोटीस चालू होती, तो अजून इथेच होता. त्याने शिकवण्याची जबाबदारी आनंदाने घेतली. "मुश्ताकभाई, कॅच सोडायलाही टेक्निक लागतं. ट्रस्ट मी, माझा एक्स्पीरियन्स आहे." जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे शिकवणी सुरू झाली. मी बॉल उंच फेकायचा, चिन्मयने सूचना द्यायच्या, मुश्ताकने सोडायचा. "हात कडक ठेवा. नजर काढा. जरा लेट जा ना." मुश्ताक उशिरा निघायचा, नजर काढायचा, हात लाकडासारखे करायचा, आणि बॉल येऊन त्याच्या ओंजळीत बसायचा. प्रत्येक वेळी तो बॉलकडे अपराध्यासारखा बघायचा. "हात आयकत नायत वो," म्हणायचा. चिन्मयने शेवटी कपाळाला हात लावला. म्हणाला, इतका नालायक स्टुडंट मी पाहिला नाही.

त्यानंतरचा शुक्रवार. साहेब लाँग ऑनच्या मागच्या खुर्चीत. समोरच्या टीमच्या बॅट्समनने बॉल उंच उडवला, इतका उंच आणि इतका सोपा की आमच्या शाळेतल्या बाईंनीही घेतला असता. मुश्ताक त्याच्या खाली जाऊन उभा राहिला. मी स्टंपामागून बघत होतो. त्याने डोळे मिटले, खरोखर मिटले, आणि हात थोडे लांब केले. बॉल हातात आला आणि तिथेच राहिला.

शामियान्यात टाळ्या वाजल्या. मुश्ताकच्या आयुष्यात त्याला इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, कारण डोळे मिटून कॅच घेतलेला सगळ्यांनी पाहिला होता. मी धावत गेलो. तो बॉलकडे बघत उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"मनात सोडला होता, भाऊ," तो म्हणाला. "खरंच सोडला होता."

साहेब खुर्चीतून उठून आमच्याकडे आले. त्यांना कधी एवढं हरखलेलं पाहिलं नव्हतं. "डोळे मिटून," ते मला म्हणाले, "डोळे मिटून घेतो हा माणूस. आता तर मुळीच सोडत नाही."

महिना संपला, चिन्मय नव्या कंपनीत गेला, त्यांच्याकडून खेळायला लागला. आणि इकडे साहेबांचं काहीतरी बिनसलं. मुश्ताक लाँग ऑनला होताच, पण मिडविकेटची खुर्ची ओस पडली. साहेबांनी तिथे एकेकाला उभं करून पाहिलं. आमचे अकाउंटंट उभे राहिले, त्यांच्याकडे बॉल गेला की तो परत आणायला दुसरा माणूस पाठवावा लागे. साहेबांनी दोन ओव्हर पाहिलं आणि तोंड फिरवलं. "तुलनेला काही लायकी लागते," म्हणाले. पुढे पुढे ते एकाच खुर्चीत बसून राहू लागले. मुश्ताकने कॅच घेतला तरी बोलत नसत. चांगला घेतला की वाईट, हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

ईद जवळ येत चालली होती. एका शुक्रवारी मॅचनंतर साहेबांनी मला अल हैलला जेवायला नेलं. वहिनींनी नेहमीसारख्या दोन भाज्या केल्या होत्या. साहेबांनी दोन्ही मुकाट्याने खाल्ल्या. कुठली जास्त खारट, हेसुद्धा बोलले नाहीत. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मुश्ताकचं सगळं आधीच सांगून ठेवलेलं होतं.

"ते दोघं फिल्डर होते ना," वहिनी आमटी वाढत म्हणाल्या, "त्यांत उजवा कोण, ठरलं का शेवटी?"

"मुश्ताक. ते ठरलेलंच आहे."

"कसं काय ठरलेलं? एक आता तिकडे खेळतो, एक इकडे. बॉलर वेगळे, टीम वेगळी. मागच्या वर्षी ठीक होतं. या वर्षीचं तुम्हाला काय माहीत?"

साहेबांनी भाताचा घास हातातच धरला.

"आमच्या शाळेत गुरुजीसुद्धा एकच पेपर द्यायचे दोघांना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही एकाला तिकडे घालवलंत आणि एकाला इथे डांबून ठेवलंत. मग उजवा म्हणता. आता चिन्मय सुधारला असेल तिकडे, तर?"

"चिन्मय सुधारणार?"

"मला काय कळतंय क्रिकेटमधलं. एका टीममध्ये असते तर तुम्हाला नीट बघता आलं असतं, एवढंच म्हणते मी. आमटी घ्या."

साहेबांनी आमटी घेतली. उठताना ते स्वतःशीच म्हणाले, "परिस्थिती सारखी पाहिजे. बरोबर आहे."

रविवारी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या त्यांनी मुश्ताकला बोलावलं. पत्र टाइप होऊन, अर्बाबांची सही होऊन तयार होतं. मुश्ताकने ते दोन्ही हातांनी घेतलं, त्याचे डोळे भरून आले, आणि तो साहेबांचे पाय धरायला वाकला. साहेब एक पाऊल मागे सरले. "त्यांना सांग, तुला लाँग ऑनलाच उभा करा," म्हणाले. "दुसरीकडे कुठे उभा केला तर सगळं बिघडेल."

मी वहिनींना फोन केला. म्हटलं, तुम्ही एका माणसाचा संसार सावरलात. त्या म्हणाल्या, "पहिली आली असती ना या घरात, तर भांडून मागितलं असतं तिने. मी दुसरी. मला युक्तीनेच मागावं लागतं सगळं."

दया म्हणून साहेबांनी ते पत्र दिलं नाही, हे मी आजही कुणाला ठासून सांगतो. मुश्ताक मात्र हयातभर त्यांना दुवा देणार. माझ्यासारख्याने चिडून काय उपयोग?

हिवाळ्यात आमची त्यांच्याशी मॅच पडली. साहेब आमचे मॅनेजर. पण खुर्च्या घेऊन बसले त्यांच्या फिल्डरांच्या मागे. वहिनीही त्या दिवशी आल्या होत्या. चेहरा बघून वाटत होतं, साहेबांचे चांगले दिवस परत आलेत. लाँग ऑनला मुश्ताक, मिडविकेटला चिन्मय, दोघांना एकच बॉलर, एकच मैदान, एकच ऊन. मुश्ताकची बायको आणि मुलगी शामियान्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलीने नवा फ्रॉक घातला होता आणि ती आता बापाला लपत नव्हती, उलट ओव्हर संपली की बाउंड्रीपर्यंत धावत जात होती.

मी बॅटिंगला होतो. एक फटका चुकला आणि बॉल सरळ आभाळात गेला. मी बॅट काखेत मारून शामियान्याकडे निघालोच, कारण बॉल लाँग ऑनला चालला होता. मुश्ताक माझ्या बॅटला बॉल लागायच्या आतच निघालेला होता. तो बॉलखाली आला, हात वर केले. तेवढ्यात मागून मुलीने "अब्बा" म्हणून हाक मारली. मुश्ताकने मान वळवली. बॉल त्याच्या तळव्यावर आपटला आणि खडीत पडला.

त्यांचा कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चिन्मय मिडविकेटवरून नुसता बघत होता. मुश्ताकने बॉल उचलला, एक टप्पा टाकून स्टंपाकडे फेकला, आणि मग मागे वळून मुलीला हात केला. तो हसत होता. इतक्या वर्षांत मी त्याला मैदानावर हसताना पाहिलं नव्हतं.

साहेब उठले. एक खुर्ची मिटली, मग चालत जाऊन दुसरी मिटली. "संपलं," ते म्हणाले. "दोघं सारखेच झाले. आता बघण्यासारखं काही राहिलं नाही."

वहिनी मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. भर मैदानात, सुटलेल्या कॅचला, एकट्या. मीही बॅट खाली ठेवली आणि वाजवायला लागलो.